अशांत देशाचा प्रवास : जावे, थांबावे की परतावे?

परदेशप्रवासाची तयारी पूर्ण झालेली असते, तिकिटे हाती असतात आणि नेमकी त्याच देशातून दंगली, संचारबंदी वा सत्तांतराची बातमी येते. अशा वेळी प्रवास रद्द करावा, पुढे ढकलावा की ठरल्याप्रमाणे निघावे, हा प्रश्न आता महानगरातील प्रवाशांपुरता राहिलेला नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यातूनही लुंबिनीची यात्रा, पशुपतिनाथाचे दर्शन, थायलंड-श्रीलंकेची सहल, परदेशातील वैद्यकीय शिक्षण आणि आखातातील नोकरी अशा निरनिराळ्या कारणांनी माणसे देशाबाहेर जात असतात. हा निर्णय कोणत्या निकषांवर घ्यावा, त्यातील कागदपत्रांची आणि पैशांची बाजू काय आहे, याचा हा आढावा.

नेपाळ : सर्वांत जवळचे उदाहरण

विदर्भातील बौद्ध समाजाचे नेपाळशी नाते जुने आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेतल्यानंतर महिनाभरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर काठमांडूतील जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित राहिले होते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी या चार स्थळांची यात्रा विदर्भातील असंख्य कुटुंबांच्या मनात असते. धानाची कापणी-मळणी आटोपली की हाती चार पैसे येतात आणि यात्रेचे बेत ठरू लागतात. सोनौलीची सीमा ओलांडली की लुंबिनी तासाभराच्या अंतरावर असल्याने या यात्रेला कोणी ‘परदेशप्रवास’ म्हणतच नाही. नेमकी हीच सवय अशांततेच्या काळात घातक ठरते.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये जे घडले ते या दृष्टीने बोलके आहे. समाजमाध्यमांवर सरकारने बंदी घातल्यानंतर ८ सप्टेंबरला काठमांडूत तरुणांनी निदर्शने केली. त्या एका दिवसात १९ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. संसद भवन, सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय आणि काठमांडूतील मोठी हॉटेले जाळण्यात आली. त्रिभुवन विमानतळ बंद झाला, देशभरातील तुरुंगांतून तेरा हजारांहून अधिक कैदी पळाले आणि लष्कराने संचारबंदी लागू केली. १० सप्टेंबरला सायंकाळी विमानतळ पुन्हा सुरू झाला आणि १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी अंतरिम पंतप्रधानपदाची शपथ घेतली. बंदीविरुद्धच्या निदर्शनांपासून सत्तांतरापर्यंतचा हा सारा प्रवास पाच दिवसांचा होता.

या पाच दिवसांत महाराष्ट्रातील पर्यटकही नेपाळमध्ये अडकले होते. एका हॉटेलला लागलेल्या आगीतून वाचण्याच्या प्रयत्नात एका भारतीय महिलेचा मृत्यू झाला. सीमेकडे परतणाऱ्या भारतीय यात्रेकरूंच्या एका बसवर हल्ला झाला. नेपाळमार्गे कैलास-मानसरोवरला गेलेले यात्रेकरू तिबेटच्या बाजूला खोळंबले. आंदोलकांचा रोख स्वतःच्या राज्यकर्त्यांवर होता, पर्यटकांवर नव्हता. तरीही हॉटेल, रस्ता आणि विमानतळ या प्रवाशाच्या तिन्ही आधारांवर एकाच वेळी गदा आली.

‘अशांतता’ म्हणजे नेमके काय?

गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला हा प्रश्न उलट्या बाजूनेही परिचित आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांसाठी काढलेल्या भारतविषयक सूचनांत पूर्व महाराष्ट्रापासून पश्चिम बंगालपर्यंतच्या पट्ट्याचा उल्लेख नक्षलवादी कारवायांच्या संदर्भात येत आला आहे. दूर वॉशिंग्टनमध्ये ती सूचना वाचणाऱ्याला गोंदिया शहर, सालेकसा-देवरीचा सीमावर्ती जंगलपट्टा आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे पर्यटन क्षेत्र यांतील फरक कळणे कठीण आहे. जिल्ह्यातील माणसाला मात्र तो फरक पक्का ठाऊक असतो. परदेशाबद्दलची बातमी वाचताना हीच नजर ठेवावी लागते. देशाचे नाव पुरेसे नसते. शहर, रस्ता आणि दिवस पाहावा लागतो.

त्यासाठी अशांततेचे तीन प्रकार वेगळे करणे उपयुक्त ठरते.

पहिला प्रकार मर्यादित आंदोलनाचा. राजधानीतील ठरावीक चौकात मोर्चे निघतात, परंतु विमानतळ, रेल्वे, रुग्णालये आणि बाजार सुरू असतात. अशा वेळी तो परिसर टाळून प्रवास करता येतो.

दुसरा प्रकार यंत्रणा कोलमडण्याचा. श्रीलंकेत २०२२ मध्ये हेच घडले. ९ जुलैला आंदोलक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि १४ जुलैला गोटाबाया राजपक्षे यांनी परदेशातून राजीनामा पाठवला. विमानसेवा सुरू होती व पर्यटकांवर कोणाचा राग नव्हता. परंतु इंधनाच्या रांगा, वीजकपात आणि औषधांचा तुटवडा होता. अनुराधापूरला जाणाऱ्या धडधाकट तरुणाला हे सोसवले असते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या सत्तरीच्या यात्रेकरूला नव्हे.

तिसरा प्रकार वाटा बंद होण्याचा. नोव्हेंबर २००८ मध्ये बँकॉकमध्ये आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळच ताब्यात घेतला. शहरातील बहुतेक व्यवहार सुरू असूनही ३ डिसेंबरपर्यंत लाखो प्रवासी देशात अडकून पडले. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये आरक्षणविरोधी आंदोलनाच्या काळात प्रथम इंटरनेट बंद झाले, मग संचारबंदी आली. तेथे शिकणारे हजारो भारतीय विद्यार्थी जमिनीवरील सीमाचौक्यांमधून परतले आणि कित्येक दिवस त्यांचा घरच्यांशी संपर्क नव्हता. हिंसाचार किती, यापेक्षा परतीची वाट उघडी आहे का, हा प्रश्न या प्रकारात अधिक महत्त्वाचा ठरतो.

सूचनेची भाषा कशी वाचावी?

अमेरिका व ऑस्ट्रेलिया आपल्या नागरिकांसाठी प्रत्येक देशाला एक ते चार अशी श्रेणी देतात. ब्रिटन ‘अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळा’ आणि ‘सर्व प्रवास टाळा’ अशा दोन ठळक पायऱ्या वापरतो. भारताचे परराष्ट्र मंत्रालय मात्र अशी कायमस्वरूपी श्रेणी देण्याऐवजी प्रसंगानुरूप सूचना जारी करते. त्यामुळे तिच्यातील शब्दांना मोठे महत्त्व येते.

युक्रेनचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हमधील भारतीय दूतावासाने, ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरता देश सोडण्याचा ‘विचार करावा’ असे म्हटले. २० फेब्रुवारीला ‘विचार करावा’ हे शब्द जाऊन देश सोडण्याचा थेट सल्ला आला. २२ फेब्रुवारीला, विद्यापीठांच्या अधिकृत निर्णयाची वाट न पाहता निघावे, असे सांगण्यात आले. २४ फेब्रुवारीला युक्रेनचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. भारतीयांना आणण्यासाठी निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून परतले.

पहिली सूचना आणि बंद झालेले आकाश यांत अवघे नऊ दिवस होते. त्या काळात अनेक विद्यार्थी थांबले, त्यामागे निष्काळजीपणा नव्हता. विद्यापीठे ऑनलाइन वर्गांची हमी देत नव्हती, गैरहजेरीमुळे वर्ष बुडण्याची भीती होती आणि विमानभाडे कुटुंबांच्या आवाक्याबाहेर गेले होते. कर्ज काढून मुलाला पाठविणाऱ्या पालकांना ‘परत ये’ हे दोन शब्द उच्चारणे सोपे नव्हते. पुढे ‘ऑपरेशन गंगा’अंतर्गत सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले, परंतु त्यांतील अनेकांना कडाक्याच्या थंडीत पोलंड, रुमानिया व हंगेरीच्या सीमा गाठाव्या लागल्या. खारकीव्हमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याचा गोळीबारात मृत्यू झाला. वर्ष बुडण्याच्या भीतीवर नंतर काही प्रमाणात तोडगा निघाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये या विद्यार्थ्यांना अन्य देशांतील विद्यापीठांत तात्पुरते शिक्षण घेण्यास मान्यता दिली.

यावरून एक व्यवहार्य नियम काढता येतो. दूतावासाच्या पहिल्या सौम्य सूचनेच्या वेळी भाडे कमी असते आणि वाटा उघड्या असतात. सूचनेची भाषा कडक होते तेव्हा सारेच एकदम निघतात. म्हणून ‘विचार करावा’ हे शब्द वाचताच परतीच्या तिकिटाची चौकशी सुरू करावी.

काही देशांबाबत निर्णय प्रवाशाच्या हाती राहतच नाही. येमेनला जाण्यास भारताने २०१७ मध्ये बंदी घातली. असा आदेश असेल तर प्रवास हा थेट कायदेशीर गुन्ह्याचा विषय होतो.

कागदपत्रे : सीमेवरचा खरा आधार

नेपाळला जाण्यासाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. परंतु पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असणे आवश्यक आहे. आधार कार्ड ही केवळ १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सोय आहे. मधल्या वयोगटातील अनेक यात्रेकरू फक्त आधार घेऊन निघतात. शांततेच्या काळात सोनौली किंवा रक्सौलला ते खपूनही जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र सशस्त्र सीमा बल प्रत्येकाची ओळख तपासूनच भारतात घेत होते. पळालेल्या कैद्यांमुळे ही तपासणी अधिक कडक झाली होती.

नेपाळला जाताना पासपोर्ट सक्तीचा नसला, तरी तो काढून ठेवणे शहाणपणाचे. अडकलेल्या प्रवाशाला तिसऱ्या देशामार्गे बाहेर पडावे लागले तर त्याशिवाय पर्याय नसतो. गोंदिया जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो.

जिल्ह्यातील एका समुदायाची स्थिती वेगळी आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगाव परिसरात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. येथील अनेक रहिवासी भारतीय पासपोर्टवर नव्हे, तर भारत सरकारने दिलेल्या ओळख प्रमाणपत्रावर परदेशी जातात. त्यांना जाण्याची आणि परत येण्याची अनुमती आधीच घ्यावी लागते. अशांत देशातून घाईने निघताना ही अनुमती मुदतबाह्य झालेली असेल तर अडचण दुहेरी होते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींना जन्माने भारतीय नागरिक मानून पासपोर्ट देण्याचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर मोकळा झाला. पात्र व्यक्तींनी याचा लाभ घेतलेला असल्यास संकटकाळी भारतीय दूतावासाकडे जाणे सुकर होते.

पैसा : रद्द कोणी केले, याला महत्त्व

बातमी येताच घाबरून तिकीट रद्द करणारा प्रवासी अनेकदा आपलेच नुकसान करून घेतो. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केल्यास भाड्याच्या अटींनुसार कपात होते. विमान कंपनीने उड्डाण रद्द केल्यास मात्र, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण यांपैकी एक निवडण्याचा हक्क प्रवाशाला मिळतो. राजकीय अस्थैर्य, दंगल, यादवी ही कारणे असाधारण मानली जात असल्याने वेगळी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. उड्डाणाला काही दिवस असतील तर कंपनी तारीख विनाशुल्क बदलून देण्याची सवलत जाहीर करते का, हे पाहून मगच निर्णय घ्यावा.

प्रवास विम्याबाबतही गैरसमज पुष्कळ आहेत. युद्ध आणि यादवीमुळे होणारे नुकसान बहुतेक विमापत्रांतून वगळलेले असते. अशांततेची बातमी सर्वश्रुत झाल्यानंतर घेतलेला विमा त्याच अशांततेसाठी सहसा लागू होत नाही. सरकारने ‘जाऊ नका’ असे सांगितल्यानंतर केलेल्या प्रवासाचा दावाही नाकारला जाऊ शकतो. नुसती भीती वाटून रद्द केलेली सहल विम्यात बसत नाही. विमापत्रातील ‘अपवाद’ हा भाग सही करण्यापूर्वी वाचावा, तो याचसाठी.

यात्रा कंपनीमार्फत जाणाऱ्यांनी आगाऊ रक्कम भरताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : सरकारी सूचनेमुळे यात्रा रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, मुक्काम वाढल्यास हॉटेलचा खर्च कोणाचा आणि मार्ग बदलल्यास वाहनाची व्यवस्था कोण करील. गावातील ओळखीच्या माणसाने काढलेल्या बसयात्रेतही हे कागदावर असावे. संकोचापायी ते राहून जाते आणि वाद पुढे भाऊबंदकीत शिरतो.

मधला थांबाही मोजावा

प्रवासाचे अंतिम ठिकाण शांत असले म्हणजे झाले, असे नाही. नागपूरहून युरोप-अमेरिकेकडे जाणारे अनेक प्रवासी आखातातील शहरांमार्गे जातात. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधील अमेरिकी लष्करी तळावर क्षेपणास्त्रे डागली तेव्हा कतारचे आकाश काही तास बंद झाले आणि दोहामार्गे जाणाऱ्या जगभरच्या प्रवाशांची वेळापत्रके कोसळली. पॅरिसला वा न्यूयॉर्कला जाणाऱ्याने पश्चिम आशियाची बातमीही तितक्याच काळजीने वाचावी. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पुढच्या जोडणीची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे घेतली असतील तर ती प्रवाशावर येते.

नोकरीसाठी जाणाऱ्यांचे गणित

सहल पुढे ढकलता येते, नोकरी तशी ढकलता येत नाही. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. २०१५ मध्ये येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’, २०२३ मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’ अशा मोहिमा पुढे झाल्या. या मोहिमांचा लाभ सर्वप्रथम त्यांना मिळतो, ज्यांचा ठावठिकाणा दूतावासाला ठाऊक असतो.

दहावी न झालेल्या कामगारांच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ नोंद असते. ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना सरकारची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी ‘ई-मायग्रेट’ यंत्रणेतून मिळते आणि त्यात मालकाची व दलालाची नोंद होते. ‘आधी पर्यटक व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कागद करू’ असे सांगणारा दलाल कामगाराला या नोंदीबाहेर ठेवतो. शांततेत त्याचा परिणाम कमी पगारावर भागतो. अशांततेत त्या माणसाचे नाव कोणत्याच यादीत नसते.

निर्णयापूर्वीचे पाच प्रश्न

१. प्रवास पुढे ढकलला तर नेमके काय गमवावे लागेल? यात्रा वा सहल असेल तर बहुधा काही हजार रुपये आणि थोडी हिरमोड. परीक्षा, नोकरीवर रुजू होण्याची तारीख किंवा जवळच्या माणसाचे आजारपण असेल तर उत्तर निराळे असू शकते.

२. बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा आहेत का? विमानतळ बंद झाला तर रस्त्याने कोणती सीमा गाठता येईल आणि त्या वाटेवर अशांतता आहे का? २०२५ मध्ये नेपाळच्या तराईतील शहरांतही जाळपोळ झाली होती, हे लक्षात ठेवावे.

३. सोबत कोण आहे? गटातील सर्वांत अशक्त व्यक्तीला जे झेपेल तेच गटाला झेपते. गर्भवती, लहान मुले, नियमित औषधे घेणारे ज्येष्ठ यांच्यासह अनिश्चित मुक्काम शक्य आहे का, हे प्रामाणिकपणे तपासावे.

४. माहिती कोणाकडून येत आहे? यात्रा कंपनीला सहल व्हायला हवी असते आणि वृत्तवाहिनीला आग दाखवायची असते. दूतावासाची सूचना, विमान कंपनीची घोषणा आणि त्या शहरात राहणाऱ्या एखाद्या परिचिताचे सांगणे या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. चलचित्र कोणत्या तारखेचे आहे, हेही तपासावे.

५. परतण्याचा टप्पा ठरला आहे का? ‘संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले किंवा दूतावासाने सूचना काढली तर त्याच दिवशी परतीची तयारी’ असा निर्णय घरी बसून, शांत डोक्याने घ्यावा. परमुलखात, पैसे खर्च झालेले असताना तो घेणे जड जाते.

या पाचांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर प्रवास पुढे ढकलणे इष्ट. रद्द करणे आणि पुढे ढकलणे यांत फरक आहे. नेपाळमध्ये अंतरिम सरकार आल्यानंतर संचारबंदी उठली आणि विमाने पूर्ववत झाली. लुंबिनीला सप्टेंबरात जाऊ न शकलेल्यांना थंडीत जाता येणे शक्य होते.

गेल्यावर अशांतता उद्भवली तर

अशा वेळी प्रथम निवाऱ्याला थांबावे. जमाव पाहण्यास वा चित्रण करण्यास बाहेर पडू नये. सरकारी इमारती, पक्ष कार्यालये आणि राजकारण्यांच्या मालकीची हॉटेले ही जमावाची पहिली लक्ष्ये असतात, म्हणून मुक्काम त्यांच्या शेजारी असल्यास संचारबंदीपूर्वीच हलवावा. विमानतळ सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत तिकडे धाव घेऊ नये. रोख रक्कम, तीन-चार दिवसांची औषधे, पाणी आणि भारित बॅटरी जवळ असावी. इंटरनेट बंद पडण्याची शक्यता धरून महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत.

दूतावासाचा संकटकालीन क्रमांक नागरिकांसाठी खुला असतो. परदेशातील तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. हाती काहीच न उरलेल्या गरजू भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. घरच्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधावा. युक्रेनच्या वेळी राज्यातील अडकलेल्या विद्यार्थ्यांची माहिती जिल्हा प्रशासनांमार्फतच गोळा करण्यात आली होती.

निघण्यापूर्वी घरी ठेवावयाची माहिती

पासपोर्ट वा मतदार ओळखपत्राची छायाप्रत. तिकिटे व विमापत्राची प्रत. मुक्कामाच्या प्रत्येक हॉटेलचे नाव, पत्ता व दूरध्वनी. सोबतच्या सर्वांची नावे, वय, रक्तगट व चालू औषधे. संबंधित दूतावासाचा क्रमांक. यात्रा कंपनीच्या जबाबदार व्यक्तीचा आणि वाहनचालकाचा क्रमांक. घरातील एका व्यक्तीने हा कागद जवळ ठेवावा आणि रोज ठरलेल्या वेळी प्रवाशाचा निरोप घ्यावा. लागोपाठ दोन निरोप चुकले तर कोणाला दूरध्वनी करायचा, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे.